खालून हाक मार

प्रिय खारूताई,

इथलं काहीएक कळवायचं नाही, असं तू जाताना मला बजावून गेलीस. मी मान डोलावली आणि आजवर पाळलंही, आणि माझ्यासारख्या बडबडीच्या मानाने हे काही थोडं नाही. आज मात्र मोडतेय. फोन तू उचलत नाहीस, निरोप वाचून तसेच सोडून देतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. टेबल हलवून भिंतीला लावलंय, तेव्हा काळ्या ट्रंकेवर कागद ठेवून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर ट्रंकेच्या कडीला बोल लाव, मला नको. त्यात बसल्यापासून दोनदा बेल वाजली. एकदा तळमजल्यावरची आपला डबा न्यायला आली होती, एकदा कोणीतरी सही घ्यायला. माझी चिंगी पळत जाऊन दार उघडते, त्यामुळे मला उठावं लागत नाही. तुझ्याकडे एक मागणं आहे, पण ते मागाहून. आधी माझी बडबड ऐकून घे, पूर्वी घ्यायचीस तशी.

तू गेलीस तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि तू जिन्यात बसून सुतळीचे तुकडे गुंडाळत होतीस. पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. आयुष्यभर तू हेच केलंस, रिकामे डबे, जुनी बटणं, खोक्यांचे पुठ्ठे, पडद्यांच्या कड्या. दर बदलीला नव्या घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या निघायच्या आणि तुझ्या खजिन्यातून काहीतरी बरोबर मापाचं निघायचं. म्हणून तर तू खारूताई. त्या दिवशी बटणांचा डबा माझ्या हातात ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुमच्याकडची माणसं सुट्टीवर आली की मला कळवू नकोस. मला आनंद होणार नाही, आणि मग मी वाईट बाई होईन." मी ट्रकमागे फाटकापर्यंत चालत आले आणि परत येऊन तुझ्या बंद दारासमोर उगाच उभी राहिले.

तर आता ज्यासाठी कागद घेतला त्या गोष्टीकडे येते. गेल्या हिवाळ्यात आपल्या वसाहतीत पाहणी करायला लोक आले होते. फौजेतल्या माणसांची कुटुंबं कशी आहेत, मनाने बरी आहेत का, झोपतात का, मुलं शाळेत रमतात का, यावर संशोधन. विद्यापीठातल्या एक मॅडम आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगी, लुकडी, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा, खांद्याला स्वतःपेक्षा जड पिशवी. मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. तू असतीस तर तिच्या चष्म्याला मागून बांधायला दोरी काढून दिली असतीस.

पहिल्या दिवशी तिने काय करावं? आपल्या इमारतीत शिरली आणि तळापासून वरपर्यंत प्रत्येक दाराची बेल वाजवत गेली. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं. मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. तळमजल्यावर बेल वाजली, मग समोरच्या दारी, मग वर. इमारतीतला सगळा आवाज हळूहळू बंद होत गेला. कोणाचा कुकर बंद झाला, कोणाचा टीव्ही. दुसऱ्या मजल्यावरचीचं दूध उतू गेलं तरी ती जागची हलली नाही. टोकाच्या घरातली नवी मुलगी, लग्न होऊन वर्ष झालं नसेल, देवाचं नाव घेत पलंगाखाली शिरून बसली, हे तिने मला नंतर हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता रडली. माझ्या दाराची बेल वाजली तेव्हा माझ्या हातातलं सूप खाली पडलं. दार मीही उघडलं नाही. चष्मेवालीने आपली घरामागून घर "बंद" अशी नोंद केली. आख्खी इमारत माणसांनी भरलेली आणि तिच्या हिशेबी तिथे कोणी राहतच नव्हतं.

शेवटी ती खाली झाडाच्या कट्ट्यावर बसून पाणी प्यायला लागली तेव्हा मी खिडकीतून नीट पाहिलं. एकटीच आहे, साध्या कपड्यांत आहे, हे दिसल्यावर अंगात जीव आला आणि मग असा संताप आला की विचारू नकोस. तरातरा खाली गेले. तिला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली की काकू, मला वाटलं इथे सगळे कुठेतरी बाहेर गेलेत. तिचा चेहरा इतका उन्हाने कोमेजलेला होता की मी तिला वर आणून चहा दिला.

आणि मग तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. आपली माणसं सीमेवर गेली की इथे कोणी कोणाची बेल वाजवत नाही. कारण बेल वाजवणारे कोण असतात ते आपल्याला ठाऊक असतं, गणवेशातली दोन माणसं, एक मोठा साहेब आणि त्यांच्याबरोबर आणखी कोणीतरी. त्यांना खालून हाक मारता येत नाही. म्हणून बाकी सगळ्यांनी हाकच मारायची, दूधवाल्यापासून शाळेच्या बसवाल्यापर्यंत. मुलांनाही आधी चालायला शिकवतो आणि मग हे शिकवतो, की बेल वाजली तर दाराकडे जायचं नाही. प्रत्येकीची हाक ठरलेली. माझी "ए रेडिओ", तुझी "खारूताई". हाक ऐकू आली म्हणजे दाराबाहेर घाबरण्यासारखं काही नाही.

आमच्या ह्यांचा तो पराक्रमही तिला सांगितला. आठवतं ना? अचानक सुट्टी मिळाली आणि स्वारीला गंमत सुचली, न कळवता येऊन बेल वाजवायची. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि कान दाबून बसले. हे बाहेर उभे, बेलवर बेल, हातात मिठाईचा पुडा. तू समोरचं दार फटीएवढं उघडून पाहिलंस आणि ओरडलीस, "ए रेडिओ, उघड गं, तुझाच माणूस आहे!" मी दार उघडलं ते ओल्या कपड्यांनी, आणि माझा चेहरा बघून ह्यांचं हसू गेलं. त्या सुट्टीत ते एकदा म्हणाले की मी इतकी वर्षं नोकरी करतोय, पण नोकरी कोण करतं ते मला आज कळलं. त्यानंतर त्यांनी कधी बेलला हात लावला नाही. खाली झाडापाशी उभं राहून तुझ्याच सुरात "ए रेडिओ" म्हणायचे आणि पोरं टाळ्या पिटायची.

चष्मेवाली ऐकता ऐकता लिहायचं विसरली. दुसऱ्या दिवसापासून ती खाली उभी राहून हाका मारायला लागली. आवाज तो केवढासा, मांजरीच्या पिल्लाचा, पण मारायची. सगळी दारं उघडली.

त्या पहिल्या दिवशी चहानंतर तिने मला विचारलेले प्रश्न मात्र मजेशीर. प्रत्येकाला चारच उत्तरं, कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. गेल्या महिन्यात भीती वाटली का? मी म्हटलं, कधीच नाही. तिने माझ्या पडलेल्या सुपाकडे पाहिलं आणि खूण केली. घरातले निर्णय कोण घेतं? मी म्हटलं, ते बाहेर असले की मी घेते आणि घरी असले की ते घेतायत असं त्यांना वाटू देते, आता याला तुझ्या चारांतलं कुठलं बसतं ते तूच बघ. घरातला माणूस परत आल्यावर सगळं सुरळीत होतं का? यावर मात्र मी तिला लांबलचक सांगत बसले. माणूस परत आला की आपण किती वाट पाहिलेली असते, आणि तरी पहिले काही दिवस घरात पाहुणा आल्यासारखं होतं. ह्यांना काडेपेटी कुठे, साखर कुठे, कशाचा पत्ता नसायचा. स्वतःच्या घरात विचारायचे, मी कुठे बसू? चिंगी लहान असताना माझ्या कानात कुजबुजली होती, हे काका कधी जाणार. शेवटच्या सुट्टीत मी ठरवून चहाचा डबा खालच्या फळीवर ठेवायला लागले, त्यांच्या हाताला सहज लागावा म्हणून. तेवढ्यानेच किती खूश झाले होते. रोज सकाळी उठून चहा करायचे आणि मला म्हणायचे, बघ, आता मी या घरात राहतो. डबा अजून खालच्याच फळीवर आहे.

आणि मग तिने विचारलं की संकटात पहिली हाक कोणाला माराल? नातेवाईक, युनिटचं कार्यालय, मदत केंद्र, शेजारी की कोणालाच नाही? मी पटकन म्हटलं, समोरचीला. तिने "शेजारी"वर खूण केली आणि सहज विचारलं, म्हणजे ह्या समोरच्या का, त्यांच्याकडे मला उद्या जायचंय. तुझ्या दारात आता एक मोटरसायकलवेडं जोडपं राहतं, दोघं चांगली आहेत, पण दारात चपलांऐवजी हेल्मेटं. मी त्या हेल्मेटांकडे बघत बसले. मग तिला म्हटलं की नाही, ती इथे राहत नाही, गेली. तिने खोडरबर काढलं. मी म्हटलं, खोडू नकोस, उत्तर तेच आहे.

तिने तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हा तुझे हे, आमचे भाऊजी, कसे गेले ते सांगितलं. पहाडातल्या त्या वाटेचं, गाडीचं, आणि तुझ्या घरासमोर उभ्या राहिलेल्या त्या दोन माणसांचं. मग विचारलं की अशा बायकांनाही तुम्ही भेटता ना? ती खाली बघून म्हणाली की नाही काकू, आमच्या यादीत फक्त वसाहतीत राहणारी कुटुंबं आहेत, जी सोडून गेली त्यांचे पत्ते नसतात. आता तू मला ओळखतेस. मी म्हटलं, वा गं वा, म्हणजे ज्यांना सगळ्यांत आधी विचारायला हवं त्यांनाच वगळून तुम्ही आमची मनं मोजणार. घरदार, शेजार, मुलांची शाळा, सगळं एका फटक्यात जातं आणि वर तुमच्या मोजणीतूनही नाव जातं. ती कानकोंडी झाली. मॅडमशी भांडून बघते म्हणाली. आणि तुम्ही त्यांना विचाराल का, त्या माझ्याशी बोलतील का, असंही म्हणाली. मी विचारीन म्हटलं आणि विचारलं नाही, कारण तुला शब्द दिला होता.

तुझ्या घरातलं एक कोडं मात्र मला तेव्हापासून सुटत नव्हतं. भाऊजी गेल्यानंतर, घर सोडायच्या आधीच्या दिवसांत, तू वायरमनला बोलावून तुझ्या दाराची बेलच काढून टाकलीस. भिंतीत नुसतं भोक राहिलं आणि त्यातून दोन वायरी लोंबत होत्या. जिन्यात बायका हळू आवाजात बोलायच्या की आता हिला बेलची कसली भीती, व्हायचं ते होऊन गेलं. मलाही तसंच वाटायचं. दुःखाने माणूस काहीही करतं, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. आता त्या वायरींचा अर्थ मला कळलाय.

थांब, पुन्हा बेल वाजली. हे बघ, शाळेच्या बाई आल्या होत्या, चिंगीचा दाखला कधी लागेल ते विचारायला. पाच मिनिटं बसल्या, दोनदा डोळे पुसले आणि गेल्या.

खारूताई, तुला काय सांगायचं, तुला तर माझ्या पहिल्या चार ओळींतच कळलं असणार. बेल वाजली असं मी लिहिलं तेव्हाच. माझ्या दारात ती दोन माणसं अशीच एका दुपारी आली. चिंगी समोर बसून गणितं सोडवत होती. बेल वाजल्याबरोबर ती शिकवल्याप्रमाणे गप्प झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मला न्हाणीघरात जाता आलं असतं, नळ सोडता आला असता. पण तिची ती नजर बघवेना. उठले आणि सरळ दार उघडलं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या मागे तुझं दार होतं, हेल्मेटं होती, आणि त्या फटीतून ओरडणारं कोणी नव्हतं.

सगळ्यांनी खूप केलं. जेवणं पोचवली, चिंगीला शाळेत सोडलं, मला एकटं ठेवलं नाही. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी तळमजल्यावरची डबा घेऊन आली आणि तिने बेल वाजवली. मी तशीच न्हाणीघराकडे वळले, आणि मग लक्षात आलं की आता घाबरायचं कारणच नाही. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर वाजवली. तेव्हापासून सगळ्याच वाजवतात. त्यांची चूक नाही गं. दुःखाच्या घराखाली उभं राहून "ए रेडिओ" म्हणून ओरडायला कोणाची जीभ वळणार? मीही तुझ्याकडे यायचे ते नुसतं दार लोटून, तोंडातून तुझं नाव निघायचं नाही. पण बेल वाजली की दर वेळी मला नव्याने कळतं की मी आता त्यांच्यातली राहिले नाही, माझ्या दाराला राखायला काही उरलं नाही. चिंगीला तर गंमत वाटते की आता दार उघडायला परवानगी आहे. तू त्या वायरी का तोडल्यास ते मला तेव्हा कळलं, आणि तुला किती एकटं वाटलं असेल ते कळून मी जमिनीवर बसून राहिले.

तोवर मी रडले नव्हते. परवा खालून आवाज आला, मांजरीच्या पिल्लाचा, "ए रेडिओकाकू". चष्मेवाली दुसऱ्या फेरीसाठी आली होती, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी गॅलरीत गेले आणि कठडा धरून इतकी रडले की ती पिशवी टाकून धावत वर आली. कळल्यावर तिने कागद बाहेर काढलेच नाहीत. तिचे प्रश्न आता माझ्यासाठी नाहीत. बराच वेळ बसली आणि जाताना म्हणाली, "काकू, मागच्या वेळी तुम्ही खोडू नकोस म्हणाला होतात. त्यांना हाक मारलीत का?" म्हणून हे पत्र, खारूताई. घर सोडायची तारीख आली आहे, ट्रंकांवरच्या ह्यांच्या नावावर रंग मारायला रंगारी उद्या येईल, आणि पुढे कुठे जायचं ते अजून ठरत नाही. तू म्हणाली होतीस की आमची माणसं परत आल्याचं कळवू नकोस. आता माझ्या घरात तुला दुखवेल अशी एकही बातमी उरलेली नाही. तेव्हा ये. सुतळी घेऊन ये, माझ्याकडची संपली. फाटकातून आत आलीस की झाडापाशी उभी राहा आणि पूर्वीसारखी खालून हाक मार, कोणाला काय वाटायचं ते वाटू दे. बेलच्या वायरी मी आज सकाळी तोडणार होते, पण राहू दिल्या. त्या आपण दोघी मिळून तोडू.

वाट बघत गॅलरीत उभी असलेली,

तुझीच,
रेडिओ